खसखशीएवढी गोचीड

ऑगस्ट सरत आला की अबू धाबीत हवा बदलत नाही, हवेबद्दलचं बोलणं तेवढं बदलतं. ऑफिसात चहाच्या मशीनपाशी कुणीतरी म्हणतं, "सुहैल दिसला म्हणे." सुहैल हा तारा. पहाटे दक्षिणेला, क्षितिजाला अगदी टेकून दिसतो, आणि तो दिसला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं असं इथली जुनी माणसं मानतात. बाहेर तेव्हाही गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. तरी सगळे मान डोलावतात. यल्ला, चला, आता थोडेच दिवस.

बाबा दर वर्षी न चुकता सांगतात, "तो आपला अगस्तीच गं. इथे आला की सुहैल होतो." जणू इथे यायला ताऱ्यालाही कागदपत्रं बदलून घ्यावी लागतात.

हा परतीचा ऋतू आहे. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या इमारतीत जुलैभर शुकशुकाट असतो. मग एके दिवशी लिफ्टमध्ये बॅगा दिसायला लागतात. हँडलला लाल रिबिनी, विमान कंपन्यांच्या पट्ट्या, कुठल्याशा बॅगेतून लसणाच्या चटणीचा वास. दोन महिने बंद असलेले फ्लॅट उघडतात तेव्हा पॅसेजमध्ये एक जुनी, कोमट हवा येऊन उभी राहते, पाहुण्यासारखी. बाल्कनीतल्या तुळशी वाळून काडी झालेल्या असतात. शेजाऱ्यांची मुलं उंच झालेली असतात आणि त्यांनाच ते माहीत नसतं. मी लहानपणापासून हे सगळं दाराच्या भिंगातून बघत आले आहे. बाहेर जाऊन "कशी झाली ट्रिप?" विचारणं मला जमायचं नाही. भिंगातून माणसं गोल आणि दूरची दिसतात, तेवढं अंतर मला बरं वाटायचं.

या दिवसांत सगळेच कुठून तरी काहीतरी घेऊन आलेले असतात. एका वर्षी मीही आणलं होतं. ते बॅगेत नव्हतं आणि मला माहीतही नव्हतं.

मी अठरा वर्षांची होते. शाळा संपली होती, कॉलेज सप्टेंबरात सुरू व्हायचं होतं. त्याच सप्टेंबरात माझा व्हिसाही नव्याने व्हायचा होता. अठरा पूर्ण झाली की रक्त तपासतात, छातीचा एक्सरे काढतात, त्याला इथे सगळे नुसतं 'मेडिकल' म्हणतात. आमच्या घरात तो शब्द जानेवारीपासून जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी ठेवलेला होता. मी जन्मले अबू धाबीत, बोलायला शिकले इथे, पण घर मात्र आम्हाला दोन-दोन वर्षांचंच मिळत आलं. बाबा मुसाफ्फातल्या एका कंत्राटी कंपनीत निविदांचे हिशेब करतात. कागदावरची एक चूक काय करू शकते हे त्यांना पक्कं माहीत आहे. अशा घरातली मुलं लवकर शिकतात की काही विचारल्याशिवाय काही सांगायचं नसतं.

त्या उन्हाळ्यात आत्याने मला अमेरिकेला बोलावलं. बाबांची धाकटी बहीण, नाशिकच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, आता कनेक्टिकटमध्ये राहणारी. तिच्या घरामागे हिरवळ होती आणि हिरवळ संपली की झाडी सुरू व्हायची. मध्ये कुंपण नव्हतं. मी पहिल्या दिवशी ते कुंपण शोधत राहिले.

मला माहीत असलेलं गवत वेगळं होतं. आमच्याकडे गवताखाली नळ्या असतात. संध्याकाळी त्या नळ्या फुसफुसतात आणि गवत ओलं होतं, म्हणून बसता येत नाही. त्याची कड सरळ असते, पलीकडे लगेच वाळू. आत्याकडचं गवत कुणी पेरलेलं वाटत नव्हतं. ते झाडीच्या कडेला गुडघ्यापर्यंत वाढलेलं होतं, त्यात पांढरी बारकी फुलं होती आणि दुपारी त्याला कापलेल्या काकडीसारखा वास यायचा. मी तिथे पुस्तक घेऊन जायचे आणि वाचायचे नाही. पाठीवर पडून राहिलं की पानांमधून येणारा उजेड डोळे मिटल्यावरही हिरवाच राहायचा. कुणी हाक मारत नसे. वाळवंटात वाढलेल्या मुलीला सावली म्हणजे भिंतीची माहीत असते. झाडाची सावली हलते, हे मला तिथे कळलं. त्या हलण्यात मला झोप लागायची, आणि जाग आली की क्षणभर आपलं नाव, गाव, व्हिसाचा नंबर, काहीच आठवायचं नाही. तितकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

मी नेमकी कडेला बसायचे. आत झाडीत अंधार वाटे, आणि मोकळ्या हिरवळीवर बसलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याला दिसत असे. लाजरी माणसं कुठेही गेली तरी कडाच शोधतात.

आत्याच्या घरी संध्याकाळी एक विधी होता. जेवणाआधी, कपडे धुण्याच्या छोट्या खोलीत. बाहेर जाऊन आलेल्या प्रत्येकाने कपडे उतरवून थेट ड्रायरमध्ये टाकायचे, कारण त्या गरम हवेत गोचिडी मरतात. मग आत्या चष्मा लावायची आणि तांदूळ निवडावेत तशी माणसं निवडायची. कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्याच्या मागे. काका फोनवर बातम्या वाचत निमूट हात वर करायचे. लाडू नावाचा कुत्रा स्वतःहून उताणा पडायचा.

"चल चिनू, पाठमोरी हो."

"आय चेक्ड, आत्या."

"गुडघ्यामागे बघितलंस? मानेला स्प्रिंग आहे का तुझ्या?"

"आरशात बघितलं."

"हा लाडू बघ. चारही पाय वर! तुझ्यापेक्षा कुत्रा शहाणा आहे."

मी हसले आणि निघून गेले. आरशात मी बघितलं नव्हतं. शाळेत खेळाच्या तासानंतर टॉवेलच्या आत कपडे बदलणारी मुलगी मी. माझ्या पाठीकडे, मांडीकडे कुणी चष्मा लावून बघतंय, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. दोन-तीन दिवस आत्याने आग्रह केला, मग सोडून दिलं. मोठी मुलगी, म्हणाली, तिचं ती बघेल.

एकदा भाजी चिरताना तिने मला त्याबद्दल सांगितलं होतं. या भागात गोचिडीमुळे होणारा तो लाइम नावाचा आजार कुणाला झाला असं विचारूच नकोस, म्हणाली. डावीकडचे आजोबा, गुलाब लावणाऱ्या लायब्ररीतल्या बाई, पत्रं टाकणारा, समोरच्यांची शाळकरी मुलगी. "एवढ्या जणांना?" मी विचारलं. "अगं, चावते त्याहून जास्त जणांना. पण बहुतेक चावे असेच जातात. गोचीड चावली म्हणजे आजार झालाच असं नाही. दिवसाच्या आत काढून टाकली तर सहसा काही होत नाही. म्हणून तर रोज बघायचं."

"केवढी असते?"

तिने मसाल्याच्या डब्यातून खसखशीचा एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला. "उन्हाळ्यातली पिल्लं एवढी. चावल्याचं कळतसुद्धा नाही."

ती उडत नाही, उडी मारत नाही, असंही आत्या म्हणाली. गवताच्या पात्यावर चढते, मागच्या पायांनी पातं घट्ट धरते, पुढचे पाय पसरते आणि वाट बघते. कुणी घासून गेलं की त्याला बिलगते. रानाच्या आत फार नसतात, छान कापलेल्या हिरवळीवरही फार नसतात. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात असतात. मला ते ऐकून विमानतळावर घ्यायला आलेली माणसं आठवली. हात पसरून, कठड्याला टेकून, दारातून कोण येतंय ते बघत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच कडेला जाऊन बसले.

ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास मी परत आले. विमानाच्या दारातून बाहेर पडताना ती ओळखीची, ओल्या टॉवेलसारखी हवा तोंडावर बसली आणि बरं वाटलं. चार-पाच दिवसांनी आंघोळ करताना डाव्या मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर, हाताला काहीतरी कोमट लागलं. यावेळी मी खरोखर आरसा धरून बघितलं. तळहाताएवढा एक चट्टा होता. खाज नाही, दुखणं नाही. दोन दिवसांनी तो मोठा झाला.

मी फोनवर लाइमचा चट्टा शोधला. फोटोंमध्ये गोऱ्या कातडीवर लालभडक वर्तुळं होती, नेमबाजीच्या फळ्यासारखी, आत पांढरं, बाहेर लाल. माझा चट्टा तसा नव्हता. सावळ्या मांडीवर तो जांभळट तपकिरी होता, कडा पुसट, कुणी ओला कप ठेवून उचलल्यासारखा. मी त्या फोटोंशी माझी मांडी ताडून बघत राहिले आणि ठरवलं की हे ते नाही. पुढे खूप वर्षांनी वाचलं की सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो असाच दिसतो, किंवा दिसतच नाही, आणि म्हणून आमच्यासारख्यांना तो उशिरा सापडतो. काही जणांना तर चट्टा उठतही नाही. तेव्हा मला एवढंच कळत होतं की फोटोतलं कुणीच माझ्यासारखं नाही.

अंगात कणकण होती, मान आखडली होती. आईने कपाळाला हात लावला आणि विचारता विचारता तिला चट्ट्याचंही कळलं. ती कऱ्हाडजवळच्या गावात म्हशींच्या गोठ्यात वाढलेली. तिने गाऊन वर करून पटकन बघितलं, मीही पटकन खाली केला.

"घामोळं असं नसतं गं. किडा चावला का तिकडे?"

"नो, आई."

"गोचीड बिचीड?" आणि स्वतःच हसली. "गोचीड असती तर दिसली नसती का! आमच्या गोठ्यात वाटाण्याएवढ्या असायच्या, म्हशीच्या कानाला लोंबत. रॉकेलचा बोळा लावला की टपटप पडायच्या. ती काय लपून राहणारी वस्तू आहे?"

मला खसखशीचा दाणा आठवला. रॉकेल, तेल, काडीचा चटका, यांतलं काहीही करायचं नसतं, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं असतं, हे आत्याने सांगितलं होतं, तेही आठवलं. पण काढायला आता काही उरलंच नव्हतं. ती केव्हाच पोटभर पिऊन निघून गेली होती.

त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीत होते आणि दार पूर्ण लागलेलं नव्हतं.

"पोरीच्या अंगात कणकण आहे, पायावर चट्टा आहे," आई म्हणत होती. "क्लिनिकमध्ये दाखवून आणू."

"मेडिकल कधी आहे?" बाबांनी विचारलं.

"सव्वीसला."

"मग सव्वीसनंतर. आता कुठे नोंद नको. सगळं सिस्टिमवर असतं हल्ली. आमच्या ऑफिसातला तो एस्टिमेटर माहीत आहे ना? एक्सरेत डाग निघाला, महिन्याभरात फ्लॅट रिकामा. बायको, पोरं, सगळी."

"अहो, हिला काय तसलं झालंय?"

"मला काय माहीत काय झालंय! रक्तात काय निघेल ते मला माहीत आहे का? आणि अमेरिका-बिमेरिका कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. एकदा फिट आलं की खलास. मग हव्या त्या डॉक्टरकडे जाऊ."

आई स्वयंपाकघरात गेली. मला आत सुटल्यासारखं वाटलं, हे मी आज लिहिते आहे तेव्हाही लिहायला जड जातंय. डॉक्टरला मांडी दाखवावी लागणार नव्हती. आत्याकडे मी खोटं बोलले होते ते कुणाला कळणार नव्हतं. बाबांच्या भीतीमागे माझी लाज आरामात जाऊन बसली. त्या शनिवारी आत्याचा फोन आला, स्पीकरवर, नेहमीसारखा.

"चिनू, अंगावर काही चट्टा बिट्टा नाही ना?"

"ऑल गुड, आत्या," मी सोफ्यावरून म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग टीव्हीकडे.

मेडिकलच्या दिवशी बायकांच्या बाजूला रांग होती. रक्त काढणारी नर्स केरळची होती. माझ्या दंडाला पट्टा बांधताना ती हिंदीत म्हणाली, "पहला टाइम है, मोळे, बेटी? उधर देखो, एसी का तरफ. देखते देखते खलास." मी एसीकडे बघितलं नाही. त्या बारीक नळीत माझं रक्त चढत होतं, काळसर, निवांत. मला वाटलं, आता हे बोलणार. ती कड, ती पांढरी फुलं, उन्हातली झोप, मी न दिलेली सगळी उत्तरं या नळीत आहेत आणि आत कुठेतरी एखादं मशीन ती वाचून दाखवणार. पुढचे दोन दिवस मी दर वेळी फोन वाजला की श्वास धरायचे. तिसऱ्या दिवशी मेसेज आला. फिट. बाबा संध्याकाळी पेढे घेऊन आले, तेही अर्धा किलो. तोपर्यंत चट्टाही फिका होत चालला होता. पेढा तोंडात ठेवून आई म्हणाली, "बघ, आपोआप गेलं की नाही?"

सव्वीसनंतर डॉक्टरकडे जायचं होतं ते असं राहून गेलं. जे दिसायचं थांबतं ते गेलं असं मानायला सगळ्यांनाच आवडतं.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण पुढच्या दिवसांआधीचे ते दोन आठवडे फार सुंदर होते. पहाटे पहिलं धुकं यायला लागलं होतं. समोरच्या मशिदीचा मिनार कमरेपासून वर नाहीसा व्हायचा. खालच्या खजुरीच्या झाडांवर उरलेले घड जाळीत गुंडाळलेले, मधाच्या रंगाचे. कॉलेजची बस धुक्यातून येताना आधी दोन पिवळे डाग दिसायचे, मग बस. मी खिडकीशी बसायचे आणि थकलेली असायचे, इतकी थकलेली की मैत्रीण करण्याची धास्तीही वाटायची नाही. मला वाटायचं, हेच मोठं होणं असावं. या हलक्या बधिरपणाला मी शांती समजले.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळलं. पुन्हा भरली, पुन्हा गळली. आरशात माझा उजवा चेहरा मला बघून घाबरला आणि डावा तसाच राहिला. डावा डोळा मिटेना. मी हसून बघितलं. अर्धीच हसले.

"एसीचं वारं लागलं!" आई किंचाळलीच. "शंभरदा सांगितलं, त्या व्हेंटखाली झोपू नकोस." तिने तव्यावर मीठ गरम केलं, फडक्यात बांधलं आणि माझ्या गालाला शेक द्यायला लागली.  बाबा ऑफिसला निघालेले, एका पायात बूट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा बूट हातात घेऊन तसेच खाली बसले. मग म्हणाले, "चल."

"व्हिसा अजून आला नाहीये," आई हळूच म्हणाली.

"चल," बाबा पुन्हा म्हणाले, यावेळी फक्त मला.

हे लिहिताना मला त्या याद्या आठवतात, जोखीम कुणाला असते याच्या. पुढे मी अशा बऱ्याच वाचल्या. जंगलात काम करणारे. बागकाम करणारे. तंबू ठोकून राहणारे, शिकारी, कुत्रे पाळणारे. गवतात खेळणारी मुलं, आणि निवृत्तीनंतर बागेत रमणारी वयस्क माणसं. याद्या बरोबरच असतात. पण अबू धाबीतली मुलगी त्यांत कुणी शोधणार नाही. तिच्या घराच्या चारही बाजूंना वाळू आहे. इथे उंटांच्या अंगावर गोचिडी असतात, त्या वेगळ्या, त्यांचा या आजाराशी संबंध नाही. जिथे आजार नसतो तिथे तो कुणाला सुचत नाही. आणि आपण सगळे तर उन्हाळ्यात जगभर पांगतो, सुहैलबरोबर परत येतो. गेल्या वर्षी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की मुलगा जर्मनीहून आलाय, रानात खूप भटकला, तेव्हा मी पहिल्यांदाच कुणाला आपणहून विचारलं, "त्याच्या गुडघ्यामागे बघितलंत?" त्या चमकल्या. मीही.

डॉक्टर सुदानच्या होत्या. पांढरे होत आलेले केस, सावकाश बोलणं. त्यांनी मला भुवया उंच करायला सांगितल्या, गाल फुगवायला सांगितले, दात दाखवायला सांगितले. माझ्या चेहऱ्याचा डावा भाग एकही गोष्ट ऐकत नव्हता. मग त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि इंग्रजीत विचारलं, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत ताप? अंगावर काही उठलं होतं? कुठे प्रवास?

बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. ते भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होते, एक ते आठ पायऱ्या.

मी बोलायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं सांगायचं होतं, आणि ओठ मिटत नव्हते. ज्या अक्षरांना ओठ लागतात ती सगळी हवा होऊन बाहेर पडत होती. गवत म्हटलं, रॅश म्हटलं, आत्याचं गाव म्हटलं. कोपऱ्यातून लाळ आली. मी ती टिश्यूने पुसली.

"सॉरी, डिअर. वन्स मोअर?" डॉक्टर पुढे झुकल्या.

माझी हिंमत तेवढीच होती. दुसऱ्यांदा बोलण्याइतकी नव्हती. मी मान हलवून 'नथिंग' म्हणणारच होते. खोलीत कुणाला काही कळलं नव्हतं, आणि मला वाटलं, आता बाबाही सुटले. त्यांनी गप्प राहायचं होतं, बस.

बाबांनी पोस्टरवरची नजर काढली. ते टेंडरच्या मीटिंगमध्ये बसतात तसे ताठ बसले, हात गुडघ्यांवर.

"डॉक्टर, शी वॉज इन अमेरिका. टू मंथ्स. माय सिस्टर्स हाऊस, जंगल इज देअर बिहाइंड. रॅश केम आफ्टर रिटर्निंग. बॅक साइड ऑफ लेग, धिस मच." त्यांनी पंजा उघडून दाखवला. "फीव्हर ऑल्सो. वाइफ सेड, शो टू डॉक्टर. आय सेड नो. बिकॉज मेडिकल वॉज कमिंग, व्हिसा मेडिकल. आय टोल्ड हर, डोन्ट टेल एनीवन."

डॉक्टर लिहीत होत्या. बाबा पुढे म्हणाले, "इफ यू हॅव टू रिपोर्ट, प्लीज रिपोर्ट. बट गिव्ह हर मेडिसिन फर्स्ट."

पेन थांबलं. "रिपोर्ट व्हॉट, सर? टू हूम?"

मग त्यांनी समजावलं, लहान मुलांना सांगावं तसं, आणि त्याची आम्हाला गरजच होती. व्हिसाच्या तपासणीत ठरावीक दोन-तीन आजार बघतात. हा लाइम दिसतोय, चेहऱ्याची नस त्यानेच धरलीय, आणि तो त्यांत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. कुणी यासाठी कुणाला परत पाठवत नाही. त्या दिवशीच आला असतात तर कदाचित इथल्या डॉक्टरला सुचलाही नसता, त्या म्हणाल्या, इथे तो होत नाही ना, तुम्ही जंगलाचं सांगितलंत म्हणून माझ्या डोक्यात आला. इतक्या वर्षांत मी मोजकेच बघितले आणि सगळे सामानाबरोबर आलेले. रक्त त्या तपासायला पाठवणार होत्या, पण औषध आजच. तीन आठवडे कॅप्सूल. डोळ्यात थेंब, झोपताना पापणीला पट्टी. बहुतेकांचा चेहरा पूर्ण परत येतो, काहींना महिने लागतात. चट्टा होता तेव्हाच औषध घेतलं असतं तर बहुधा इथवर आलंच नसतं, हेही त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता. "आणि या कॅप्सूलवर असताना उन्हात जायचं नाही," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेरचा तो पांढरा, जळता पार्किंग लॉट बघून स्वतःच हसल्या.

माझा चेहरा परत यायला डिसेंबर उजाडला. आधी नाकपुडी हलली, मग पापणी, मग सगळ्यात शेवटी ओठाचा कोपरा. आता दमले तर तो किंचित मागे राहतो. आत्याला मी सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी तुला न तपासता सोडायला नको होतं." तेही खरं नव्हतं.

पण मला त्या दुपारचं सांगायचंय. औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर आलो. लिफ्टजवळ निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. माणसं येत-जात होती, पांढरे पायघोळ कंदुरे, युनिफॉर्म, एक बाई बाळाला थोपटत. बाबा अचानक त्यांतल्या एका खुर्चीत बसले. चिठ्ठी त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवली, परत काढली, परत उलगडली.

"पाच आठवडे, चिनू," ते म्हणाले.

मी उभी होते.

"मला भीती वाटली गं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. नोकरी जाता जाता राहिली तेव्हाही नाही. मला म्हणायचं होतं, मलाही. म्हणायचं होतं की मी खोटं बोलले होते, तुमच्याही आधी. पण त्यातलं निम्मं हवा होऊन गेलं असतं. त्यांच्या डावीकडच्या, दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथून माझी चांगली बाजू त्यांना दिसली असती. सकाळपासून मी सगळ्यांना तीच दाखवत होते, गार्डला, रिसेप्शनला, लिफ्टच्या आरशाला.

मी वळसा घालून त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले. माझा न हलणारा गाल, न मिटणारा डोळा, ओला झालेला ओठाचा कोपरा, सगळं त्यांच्या बाजूला. ओढणी वर घेतली नाही. त्यांनी मान वळवून बराच वेळ बघितलं. मी बघू दिलं.